पन्नास, पन्नास

लघवीच्या तक्त्यावर रात्री दहापासून सकाळी सातपर्यंत एकाखाली एक दहा वेळा पन्नास लिहिलेलं होतं. आणि खाटेला लटकवलेल्या पिशवीत जेमतेम सव्वाशे मिलीलिटर लघवी होती, तीही कोऱ्या चहासारखी.

डॉक्टर मृणालीनं तक्ता पाहिला, पिशवी पाहिली, पुन्हा तक्ता पाहिला.

"पिशवी मध्ये रिकामी केली होती का?"

"नाही मॅडम," मोहिनी सिस्टर म्हणाली. तिचाही चेहरा उतरला.

जळगावच्या त्या खासगी दवाखान्यात रात्री अठरा खाटांमागे एकच सिस्टर असायची. म्हणून तासातासाची लघवी नातेवाइकांनीच बघायची आणि उशाशी चिकटवलेल्या कागदावर लिहायची, असा शिरस्ता पडून गेला होता. खाटेवरच्या योगराजच्या बायकोचं, बेबाबाईचं, अक्षर तर एखाद्या मास्तरीणबाईंनी हेवा करावा असं. तिला दोनदा समजावून सांगितलं आणि सगळे निर्धास्त झाले. पहाटे मृणालीनं घरून फोन केला, सिस्टरनं कागद वाचून दाखवला, तासाला पन्नास म्हणजे काळजीचं कारण नव्हतं, आणि मृणाली कूस बदलून झोपली. आता त्या झोपेची तिला लाज वाटत होती.

योगराजच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. हा आजार भारी लबाड. बहुतेक माणसं चार-सहा दिवसांत बरी होऊन घरी जातात, पण कोणाचं बिघडणार हे पहिल्या दिवशी कोणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून डॉक्टर गुण मांडतात. वय, श्वास-नाडी, शुद्ध, रक्तातला युरिया, छातीतलं पाणी. शाळेसारखं नाही, इथं गुण जितके जास्त, तितका जीव टांगणीला. काल दुपारी योगराजचा गुण आला होता एक.

"नाशिकले लई जाऊत का?" बेबाबाईनं तेव्हाच विचारलं होतं.

"गरज नाही अक्का," मृणाली म्हणाली होती, आणि त्याला साध्या वॉर्डात ठेवला होता.

आता ती त्याच्यावर वाकली. श्वास भराभर चालला होता, नाडी एकशे सव्वीस.

"योगराजभाऊ, मला ओळखलं का?"

त्यानं डोळे किलकिले केले. "लाइट उनी का?" तो म्हणाला. "वावरमां पानी सोडनं शे."

दवाखान्यात पडून तो शेताला पाणी सोडायला लाइट आली का, ते विचारत होता; शुद्ध हरपत चालली होती. सकाळचा युरिया दुपटीला पोचला होता, एक्स-रेत डाव्या फुप्फुसाखाली पाणी दिसत होतं. बोटांवर मोजायचीही गरज नव्हती. एका रात्रीत एकाचे चार झाले होते. ही रात्र सलाइन वाढवायची होती, वरच्या अतिदक्षता विभागात हलवायची होती, आणि ती पन्नास-पन्नास करत निघून गेली होती.

ती बेबाबाईकडे वळली. बाई पायथ्याशी पदर आवळून उभी होती.

"अक्का, खरं सांगा. हे आकडे पिशवी बघून लिहिले?"

बेबाबाईनं नकारार्थी मान हलवली.

"किती होती तासाला?"

"दहा. पंधरा." मग एकदम हुंदका फुटला. "मालकना नावपुढे इतला कमी आकडा कसा लिखू, मॅडम? माले वाटनं, सकायपर्यंत भरी निघी."

मृणालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडायचं कोणावर? घरातलं मीठ सरलं तरी 'संपलं' हा शब्द उच्चारू नये, अशा वळणात वाढलेली ही बाई. तिच्या हाती नवऱ्याच्या जिवाचा हिशेब दिला कोणी? आणि तो न तपासता झोपलं कोण?

"स्ट्रेचर आणा," ती म्हणाली. "वरती फोन करा, लगेच."

धावपळ सुरू झाली. सलाइनची दुसरी बाटली लागली, नाकाला ऑक्सिजन लागला. वर हलवण्याआधी नातेवाइकांनी स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं असतं. मृणालीनं बेबाबाईला शेजारी बसवलं. धोका किती आहे, काय काय होऊ शकतं, आडपडदा न ठेवता सांगितलं. बेबाबाई हूं हूं करत राहिली. मग मृणालीनं केसपेपर आणि पेन पुढं केलं आणि मजकूर सांगितला: माझ्या पतीची प्रकृती गंभीर असून त्यांच्या जिवाला धोका आहे, याची मला कल्पना देण्यात आली आहे.

बेबाबाईनं लिहिलं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जिथल्या तिथं. खाली सही केली, तारीख टाकली.

स्ट्रेचर लिफ्टच्या दाराशी पोचलं तेव्हा मृणालीनं चालता चालता कागदावर नजर टाकली आणि थबकली. 'त्यांच्या जिवाला धोका नाही,' असं त्या सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं.

"अक्का," ती शक्य तितक्या हळू म्हणाली, "इथं 'आहे' लिहायचं होतं."

"माले मालूम शे." बेबाबाईनं एका हातानं योगराजच्या अंगावरची चादर नीट केली. "पन उद्या त्या बरा व्हतीन, आन हाऊ कागद वाचाले मांगतीन. मंग मी काय सांगू त्यासले?"