डबीवरची अक्षरं

भाग्यश्रीनं मोबाईलवर एका रुपयात क्रीमची डबी मागवली. रुपया सासूच्या, सरुबाईंच्या खात्यातून गेला. ते खातं तिच्याच मोबाईलला जोडलेलं होतं. पुढं दर महिन्याला नवी डबी येत राहिली. कंपनीची स्कीम असेल, असं तिला वाटलं.

इकडं सरुबाईंच्या निराधार योजनेच्या पगारात दर महिन्याला तूट येऊ लागली. पैसे सुगतच काढतो असं समजून त्यांनी पोराला, भाग्यश्रीच्या नवऱ्याला, भर गल्लीत चोर म्हटलं. त्याच दिवशी तो तालुक्याच्या गावच्या, वाशीच्या, स्टँडवरून पुण्याची गाडी धरून गेला.

"रोज बोलणं होतं त्यांच्याशी," भाग्यश्री सासूला सांगायची.

आज सरुबाईंनी बँकेतून पासबुक छापून आणलं. त्यांना इंग्रजी येत नाही. त्या एका ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसल्या. मग उठून डबी आणली आणि पासबुकाशेजारी ठेवली.

"भाग्या, ही अक्षरं आन ही अक्षरं येकच हायेत का गं?"

भाग्यश्रीनं वाचलं. दर महिन्याला तेच नाव, चारशे नव्याण्णव रुपये.

"व्हय, आत्या."

"मंग लाव सुगतला फोन. मी बोलते."

भाग्यश्रीनं मोबाईल पालथा ठेवला. सुगतचा फोन चार महिन्यांपासून बंद होता.