माझा पहिला नंबर

"तुझा पहिला नंबर अजून टिकून आहे हं." बाबांनी जुन्या होडीच्या व्हिडिओ गेमचा दुसरा कंट्रोलर माझ्यापुढे धरला. "एक डाव होऊन जाऊ दे."

"अहो बाबा, त्या गेमला तेव्हाही कुणी कुत्रं विचारत नव्हतं. माझा नंबर मोडणार कोण?" मी हसत बॅगेची चेन लावली आणि निघाले.

आठवड्याभरात बाबा गेले. त्यांची खोली आवरताना मी तो गेम लावला. शाळा संपल्यापासून मी तो खेळलेच नव्हते. तरी सर्वाधिक स्कोअरच्या यादीतल्या दहाही ओळींत माझंच नाव होतं, आणि शेवटच्या ओळीतला स्कोअरसुद्धा माझ्या विक्रमाच्या दुप्पट होता.


पहिला कंट्रोलर त्यांच्या पलंगावर ठेवून मी मोठ्याने म्हणाले, "बसा बाबा. एक डाव होऊन जाऊ दे."