साडेतीन सेकंदांचं हसू

"काका, माझ्या बाबांशी थोडं खोटं बोलाल का?"

म्हातारा ड्रमर गरम पाण्याच्या तसराळ्यात मनगटं बुडवून बसला होता. कार्यक्रमाला अजून तास होता. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"बाबा काय करतात तुझे?"

"कुलुपं दुरुस्त करतात."

"अस्सं." त्याने हात पाण्यातून काढले. "बस. काय खोटं बोलायचंय?"

ती ड्रमच्या रिकाम्या पेटीवर बसली.

"तुमची ती तबकडी आहे ना, याच सभागृहातल्या मैफलीची. तिच्या दुसऱ्या बाजूला पियानो थांबतो, ड्रमवर तुमचा ब्रश नुसता सरपटत राहतो, आणि एक बाई हसते."

"हसते."

"ती माझी आई."

ड्रमर टॉवेलने एकेक बोट पुसत राहिला.

ती आठ महिन्यांची असताना आई गेली. फोटो होते, आवाज नव्हता. होतं ते हे साडेतीन सेकंदांचं हसू. दर रविवारी सकाळी बाबा हाताचं तेल घासून घासून धुवायचे, तान्ह्या बाळाला धरावं तशी तबकडी कडेनं धरायचे, सुई टेकवायचे आणि बोट वर करायचे. "आता!" काळ्या वर्तुळातून आई हसायची. आधी श्वास अडकलेला, मग हसू घरंगळलेलं, पायरी पायरीनं. मग बाबा सांगायचे, तिसरी रांग, पाचवी खुर्ची, निळी शाल. ऐकून ऐकून मुलगीही तशीच हसायला लागली. लोक म्हणत, अगदी आईवर गेलीय.

बाबांना सगळी गल्ली 'तबकडीवाले' म्हणायची. घराच्या दोन भिंती जॅझनं भरलेल्या. कुलपाला कान लावून आतली खिट्टी कुठे अडली ते सांगणारा माणूस. ड्रमवर दोन टोले पडले की वाजवणारा कोण, कुठल्या साली, हेही सांगायचा. शहरात कुठे सॅक्सोफोन वाजला की बाबा तिथे हजर. पिकल्या केसांच्या वादकांवर तर भारी जीव. मात्र तबकड्या घ्यायच्या त्या फक्त मैफलीतल्या. स्टुडिओतल्या नको. "समोर माणसंच नाहीत, तर वाजवायचं कुणासाठी?" असं म्हणायचे.

तीन महिन्यांपूर्वी या ड्रमरच्या कार्यक्रमाचं पोस्टर लागलं, तेव्हा तीच म्हणाली होती, "बाबा, मूळ टेप असेल यांच्याकडे. आई आणखी कुठे हसली असेल. एखादा शब्द बोललीही असेल!"

"विचारू की," बाबा म्हणाले, आणि दिवसभर एकच कुलूप उघडत-लावत बसले.

पुढे सगळा घोळ झाला. ती रेडिओच्या ध्वनिसंग्रहात जुन्या टेपांची यादी करते. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून आलेल्या खोक्यात तिला त्या तबकडीचं कार्ड मिळालं. पेन्सिलीनं लिहिलेलं: सभागृहातली टेप खराब. स्टुडिओत पुन्हा वाजवलं. श्रोते नाहीत. टाळ्या नंतर जोडल्या.

तिने ते चार वेळा वाचलं. श्रोते नाहीत, मग तिसरी रांग कुठली? पाचवी खुर्ची कुठली? कार्ड चुकलं, की बाबांची आठवण? काही कळेना. त्यात बाबाही विचित्र वागू लागलेले. आज सकाळी कुणाची तरी तिजोरी अडकलीय म्हणून घाईनं गेले, आणि हत्यारांची पिशवी खुंटीवरच.

तिने ते कार्ड ड्रमरपुढे धरलं. "हे खरं आहे?"

त्याने कार्ड दिव्याजवळ धरून वाचलं. "आता लपवून काय करू? खरं आहे."

"मग ती बाई कोण?"

"आमच्या रेकॉर्डिस्टची मावशी."

"मावशी?"

"विसरलेली छत्री द्यायला आली होती बिचारी. तेवढ्यात आमचा बेसवाला स्टुलावरून घसरला. हसू असं नेमकं जागेवर पडलं, की कापवेना. मग त्याच्याभोवती टाळ्या चिकटवल्या."

"छत्री," ती म्हणाली, आणि तिला हसूच फुटलं. श्वास अडकून, पायरी पायरीनं.

ड्रमर दचकला. "हुबेहूब! अगं, हुबेहूब मावशी!"

तिचे डोळे भरून आले. तिने ते मनगटानंच पुसले.

"काका, मध्यंतरात बाबांना घेऊन येते. ते टेपचं विचारतील. जळाली म्हणून सांगा. पण हसू त्याच दिवशीचं, याच सभागृहातलं, असं म्हणा. तेवढ्यावर जगलेत ते तीस वर्षं."

"आणि तुझं काय?"

"माझं राहू द्या. मला आई आठवतच नाही, तर माझं काय जाणार? त्यांचं सगळंच जाईल."

ड्रमरने डोकं खाजवलं. "माझी मोठी पंचाईत केलीस, पोरी. हेच खोटं बोलायचा शब्द मी सकाळीच एकाला देऊन बसलोय."

"कुणाला?"

"तालमीआधी एक गृहस्थ आले होते. हातांना कुलपाच्या तेलाचा वास. म्हणाले, 'मध्यंतरात माझी मुलगी येईल. हसू तिच्या आईचंच, असं सांगा.'"

"म्हणजे? बाबांना... ठाऊक आहे?"

"त्यांचंच बोलणं सांगतो. 'हिची आई कधी मैफलीला गेलीच नव्हती. मीही नाही. पोर चार वर्षांची झाली आणि विचारायला लागली, आईचा आवाज कसा होता. म्हणून जिथे समोर बसलेली माणसं हसतात, अशा तबकड्या आणत सुटलो. हिच्या आईसारखं हसणारी बाई सापडायला दोन वर्षं लागली. तोवर मला या संगीताची सवय लागून गेली होती.'"