मनगट

ओर्नेल्लाची नोकरी शुक्रवारी गेली. ते सध्या सोडून द्या. आज गुरुवार आहे आणि असं काहीही घडलेलं नाही.

इटलीत, बोलोन्यातल्या ज्या संग्रहालयात ती कामाला होती तिथे, टेबलावर चारशे वर्षांपूर्वीचं तपकिरी शाईतलं रेखाचित्र होतं. दारात बायबलातला लोट. बाहेर गावातले पुरुष, त्याच्या घरी उतरलेले पाहुणे हवाली कर म्हणून ओरडणारे. पाहुणे म्हणजे देवदूत. ते आत जेवत होते. ‘पाहुण्यांना सोडा, माझ्या दोन मुली घ्या,’ असं लोट म्हणाला. बायबलात तसं स्पष्ट आहे. चित्राखाली लावायच्या पाटीवर मात्र विभागप्रमुख फान्तुझींनी लिहिलं होतं : ‘लोटचा पाहुणचार’.

“शंभर वर्षं हेच नाव आहे, पोरी. उद्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला बिशप येतायत.”

ओर्नेल्लाने भिंग पुढे केलं. “लोटचा हा हात बघा, दोत्तोरे. आधी गर्दीला थोपवणारा काढला होता. मग त्यावर गडद शाईने दुसरा काढला. या हाताने धाकट्या मुलीचं मनगट धरलंय. दाराकडे ओढतोय तिला.”

“धीर देतोय.”

“मनगट पिरगळून?”

“ओरडतेय का ती? नाही ना? मग तिची काही तक्रार नाही.”

“तिला तोंडच काढलेलं नाही.”

“घाईत राहिलं असेल.”

“देवदूताच्या ताटातल्या माशाला डोळा काढलाय.”

फान्तुझींनी बराच वेळ मासा न्याहाळला. छान जमला होता. मग भिंग परत देत म्हणाले, “तुझा करार महिनाअखेर संपतोय. वाढवायचा कागद माझ्याकडेच पडलाय. तू पाटी आहे तशी छापायला पाठव, मी सही करतो.”

ते जेवायला गेले. ओर्नेल्लाने पाटीवरची ओळ खोडली, वर लिहिलं : ‘लोट आपल्या मुली जमावाला देऊ करतो’, आणि पाटी छापखान्यात पाठवली.

राहिला चित्रासोबतचा तपासणी अर्ज. भोकं : नाहीत. डाग : एक, जुना. कसर : नाही. शेवटच्या रकान्यात तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं :

‘शाई उडू नये म्हणून, प्रदर्शनानंतर चित्र नियमाप्रमाणे पाच वर्षे अंधाऱ्या पेटीत राहील. त्या काळात चित्रातील दोन्ही मुलींना वडिलांपासून वेगळ्या पेटीत ठेवण्यात यावे, ही विनंती.’