कोळशाची रेघ

चोपन्न सालची गोष्ट. चिखलीच्या गोजाबाईची ठकू नऊ वर्षांची झाली, तरी अंगानं चारचीच दिसायची. अशा पिढीजात आजारांवर पुण्यात डॉक्टरेट करणारे आगाशे दर महिन्याला येत, तिला भिंतीशी उभी करून डोक्यापाशी कोळशाची रेघ ओढत आणि रेघ तिथंच पाहून मुकाट परतत. औषध त्यांच्यापाशी नव्हतंच.

आज मात्र रेघ चांगली दोन बोटं वर गेली. आगाशांनी हरखून ठकूला उचललं, तेव्हा त्यांना खालची भुई दिसली. तेवढीच जागा नवी माती घालून चोपलेली होती.

गोजाबाईनं मान खाली घातली.



"तुमी सारकं हिरमुसून जाता, डागदर. यायचंच थांबला, तर पोरीला गुन कसा यायचा?"