हवालदाराचं काय करायचं

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी हवालदाराला गोळी लागली. पोटात, उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली. गोदामाच्या जिन्यावर तो आधी बसला, मग हळूच आडवा झाला.

चार वाजता खोलीतले दिवे लागले. बारा खुर्च्यांवर बारा प्रेक्षक बसले होते. गुरुवारचा भाग संपला की न चुकता पत्र लिहून मत कळवणारी ही माणसं. कंपनीने त्यांच्या पत्रांवरूनच त्यांना निवडलं होतं. हा भाग बाहेर अजून कुणी पाहिला नव्हता. त्याचे दोन शेवट तयार होते आणि दोन्ही आत्ताच दाखवून झाले होते. एकात हवालदार वाचत होता, दुसऱ्यात जिन्यावरच मरत होता. कोणता ठेवायचा, एवढंच विचारायचं होतं.

संयोजिका वही उघडून बसली. आधी सगळ्यांनी बोलायचं, मग हात वर करायचे, असं तिने सांगितलं.

बसचालकाने सुरुवात केली. त्याच्या मते इन्स्पेक्टर नुसता शोभेचा, खरी मालिका हवालदार ओढतो. तो गेला तर गुरुवारी घरी टीव्ही लावायचा कशाला, असं बायकोने निघतानाच बजावलं होतं. शिंप्याचंही तेच मत पडलं. त्याची तक्रार फक्त गणवेशाबद्दल होती. गेले दोन महिने हवालदाराचा शर्ट खांद्यावरून उतरतोय, एवढी मोठी कंपनी आणि मापं धड घेता येत नाहीत, असं तो म्हणाला.

"माप बरोबर आहे," खिडकीजवळची निवृत्त नर्स म्हणाली. "माणूस उतरलाय."

तेवढंच बोलून ती पुन्हा हातातल्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी टिपू लागली.

चित्रकलेच्या शिक्षिकेला वेगळीच काळजी होती. नऊ वर्षं इमानाने काम करणाऱ्या नटाच्या पोटावर पाय देण्याचं पाप आपल्या माथी नको, असं तिचं म्हणणं. संयोजिका हसली. उलट आहे, ती म्हणाली. पात्र जिवंत आहे तोवर नट करारात बांधलेला आहे, अजून तीन वर्षं तरी. मध्ये त्याने चार महिन्यांची सुट्टी मागितली होती, तीसुद्धा कंपनीने दिली नाही. इतका तो त्यांना हवा आहे.

हे ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. आठ-नऊ जण एका सुरात वाचवा म्हणाले. मग नर्सची पाळी आली.

"मरू दे त्याला," ती म्हणाली.

तिने कागद वर धरला आणि एकेक मुद्दा वाचून दाखवला. गोळी लागली तिथे यकृत असतं. गोदामापासून दवाखाना चाळीस मिनिटांवर आहे, हे इन्स्पेक्टरच्याच तोंडी आहे. तेवढ्या वेळात जखमेवर साधा रुमाल दाबून धरायचंही कुणाला सुचलेलं नाही. आणि पहिल्या शेवटात हाच माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर बसून चहा पितो. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, असा चहा पिणारा एकही पेशंट आपल्या बघण्यात नाही, असं तिने सांगितलं.

"मावशी, मालिका आहे ही," बसचालक म्हणाला. "थोडं इकडचं तिकडे चालतं."

"बिनब्रेकची बस दाखवली तर चालेल तुम्हाला?"

नाही चालणार, हे बसचालकाने मान्य केलं. शिंपी तोंडावर हात ठेवून हसला.

चित्रकलेच्या शिक्षिकेला मात्र हसू आलं नाही. तुम्हाला हा हवालदार कधी आवडलाच नाही का, असं तिने जरा लागट स्वरात विचारलं.

नर्सने कागदाची घडी घातली. एकही भाग आपण चुकवलेला नाही, असं ती म्हणाली. पहिल्या वर्षी तो एकेक पायरी गाळून जिना चढायचा, आता कठडा धरून चढतो. मेकअपखाली डोळे सुजलेले दिसतात. गेल्या चार भागांतला खोकला लेखकाने लिहिलेला नाही. तो आला की दृश्य तोडतात.

"एखाद्याला किती ओढायचं, याला काही धरबंध हवा की नको?" ती म्हणाली. "जिन्यावर मानाने जाऊ दे. लोक रडतील चार दिवस. रडू देत."

शिक्षिका मान खाली घालून बसली. तिने नाक पुसलं.

हात वर झाले. वाचवा म्हणणारे पाच, मरू द्या म्हणणारे सात. सातवा हात बसचालकाचा होता. तो अर्धाच वर आला. घरी हे सांगायचं नाही, अशी त्याने सगळ्यांना विनंती केली.

संयोजिकेने आकडे लिहून घेतले. अंतिम निर्णय कंपनी सोमवारी घेणार होती. तोवर बाहेर चकार शब्द काढायचा नाही, असं तिने बजावलं. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा नर्सला तिने मुद्दाम थांबवलं. इतकं बारीक पाहणारा प्रेक्षक मिळत नाही, पुढच्या वेळीही या, म्हणाली. पुढच्या वेळी आपलं काही काम असेल असं वाटत नाही, असं नर्स म्हणाली आणि जिना उतरली.

पाच वाजायला आले होते. थांब्यावर ती एकटीच होती. बस दिसायच्या आधी पिशवीतला फोन वाजला. पलीकडून आवाज आला, नऊ वर्षं दर गुरुवारी घराघरांत ऐकू येणारा.

"आई," त्याने विचारलं, "मारलंस का मला?"