आतड्यातलं अस्तर

आत्याने शाल्मलीच्या ताटात चौथी पुरणपोळी वाढली आणि वर तुपाची धार सोडली. "खा गं पोरी, केळवण काय रोज होतं?"

शाल्मली भराभर खात होती, तरी तिची भूक भागत नव्हती. जठर आपलं काम चोख करत होतं, पोळीचा पातळ लगदा करून पुढे ढकलत होतं. पण लहान आतड्यात बसवलेल्या अस्तराची छिद्रं आईने मोबाईलवरून महिनाभर जवळजवळ बंद ठेवली होती. पुरणातली बहुतेक साखर रक्तात न शिरता तशीच पुढे वाहून जात होती.

"आई, आज तरी ते उघड. चक्कर येतेय मला."

"आणि शालूवरचा ब्लाउज? जाड झालीस तर तो बसेल का?" आई हसली. "जिभेला सगळं मिळतंय ना?"

"लग्न झाल्यावर तरी उघडशील?"

"ते आता तुझ्या सासूबाई ठरवतील. पासवर्ड दिलाय मी त्यांना. स्वतःहून मागितला हो, किती काळजी बघ!"

शाल्मलीने हातातला घास ताटात आपटला आणि ती उठली.

"अगं, केळवणाच्या ताटावरून असं उठू नये!" आत्या घाबरली.

"चार पोळ्या खाऊन उपाशी आहे मी, आत्या! माझं पोट आहे हे, रुखवतात मांडायची वस्तू नाही. मला डॉक्टरकडे ने. अस्तर काढून आले की मग वाढ, पहिल्या पोळीपासून."

आत्याने आईच्या हातातल्या मोबाईलकडे एकदा पाहिलं, तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि ती गाडीची किल्ली शोधायला गेली.